पीपीएफ खाते : वर्गणीचे नियम आणि ५ तारखेचे महत्त्व

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी अर्थात पीपीएफ ही केंद्र सरकारची दीर्घकालीन बचत योजना १९६८ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०१९ पासून तिला नवे नियम लागू आहेत. निवृत्तिवेतनाचा आधार नसलेले व्यावसायिक व दुकानदार, तसेच नोकरदार यांना टपाल कार्यालयात किंवा अधिकृत बँकेत हे खाते उघडता येते.

खात्यात दर आर्थिक वर्षी किमान ५०० रुपये भरावे लागतात. कमाल मर्यादा दीड लाख रुपये आहे. अज्ञान पाल्याच्या खात्यात पालकाने भरलेली रक्कमही याच मर्यादेत धरली जाते.

महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात असलेल्या किमान शिल्लकीवर व्याज आकारले जाते. त्यामुळे दीड लाख रुपये ५ एप्रिलपर्यंत न भरता ६ एप्रिलला भरल्यास, ७.१ टक्के दराने, ८८७ रुपये ५० पैशांचे व्याज बुडते. मार्चअखेर भरणाऱ्यांचे तर जवळजवळ वर्षभराचे व्याज जाते.

एखाद्या वर्षी किमान रक्कम न भरल्यास खाते खंडित होते आणि कर्ज वा अंशतः रक्कम काढण्याची सोय थांबते. मुदत संपण्यापूर्वी, प्रत्येक थकीत वर्षासाठी ५०० रुपये व ५० रुपये दंड भरून ते पूर्ववत करता येते.

वर्गणीवरील प्राप्तिकर वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. व्याज मात्र दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. खाते उघडल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून १५ वर्षांनी मुदत पूर्ण होते. वर्गणी पुढे चालू ठेवायची असल्यास त्यानंतर वर्षभरात तसा अर्ज द्यावा लागतो.