मिडवेच्या श्रेयाचा प्रश्न

मिडवेच्या लढाईचा विषय वर्गांत निघाला म्हणजे विद्यार्थी निमिट्झ व स्प्रूअन्स हीं नांवें झटकन सांगतात. जोसेफ रोशफोर्ट हें नांव मात्र सहसा कोणाच्या तोंडीं येत नाहीं. यांत दोष विद्यार्थ्यांचा नाहीं. ज्या आरमाराची रोशफोर्ट यांनीं सेवा केली, त्यालाच त्यांचा यथोचित गौरव करावयास ४४ वर्षें लागलीं.

रोशफोर्ट यांचा जन्म अमेरिकेंत १९०० सालीं झाला. १९१८ सालीं ते आरमारांत शिरले, तेव्हां नाविक अकादमीची परंपरा त्यांच्या पाठीशीं नव्हती. १९२९ पासून तीन वर्षें त्यांनीं जपानांत राहून तेथील भाषेचा अभ्यास केला. गूढलिपि उकलण्याची विद्या, शत्रूची भाषा आणि जहाजावरील नोकरीचा अनुभव हीं तिन्ही एकाच माणसाच्या ठायीं क्वचितच आढळतात. १९४१ सालीं पर्ल हार्बर येथील 'हायपो' केंद्राचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं.

हें केंद्र एका कचेरीच्या थंडगार तळघरांत होतें. गणवेशावर जुनें जाकीट चढवून व पायांत सपाता घालून रोशफोर्ट तेथें अहोरात्र काम करीत. बिनतारी यंत्रांवर टिपलेले जपानी संदेश तेथें येत. पांच आंकड्यांचा एकेक गट म्हणजे एखादा शब्द किंवा वाक्यांश. त्यांत दुसरे आंकडे मिसळून तो पुन्हां झांकलेला. हे गट छिद्रांच्या पत्त्यांवर उतरवून यंत्रांनीं ताडून पाहावयाचे. ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्याची आगाऊ वर्दी आपण देऊं शकलों नाहीं, हें शल्य रोशफोर्ट यांच्या मनांत होतें. त्याच हल्ल्यांत निकामी झालेल्या 'कॅलिफोर्निया' युद्धनौकेवरील वादकांना त्यांनीं या यंत्रांवर कामास लावलें.

१९४२ च्या मे महिन्यांत 'एएफ' नामक स्थळावर मोठी स्वारी होणार, असें जपानी संदेशांवरून दिसूं लागलें. हें स्थळ मिडवेच, असें रोशफोर्ट म्हणत. वॉशिंग्टनच्या वरिष्ठ कचेरीला तें पटेना. तेव्हां जॅस्पर होम्स या सहकाऱ्याच्या कल्पनेवरून एक युक्ति योजण्यांत आली. गोडें पाणी करण्याचें यंत्र बिघडल्याची तक्रार उघड भाषेंत बिनतारी संदेशानें करावी, असें समुद्रतळींच्या तारेनें मिडवेला गुप्तपणें कळविलें. लौकरच 'एएफ'ला गोड्या पाण्याची टंचाई असल्याचा जपानी संदेश हातीं लागला! निमिट्झ यांनीं रोशफोर्ट यांच्या अनुमानावर भिस्त ठेवून आपल्या विमानवाहू नौका मिडवेच्या ईशान्येस दबा धरून ठेवल्या. ४ जूनला सुरू झालेल्या लढाईंत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. अमेरिकेनें 'यॉर्कटाउन' गमावली.

नुसत्या अनुमानानें रण जिंकलें जात नाहीं, हें खरें. 'हॉर्नेट'वरून टॉर्पेडो घेऊन निघालेल्या पथकाच्या १५ विमानांत ३० जण होते. त्यांपैकीं एकच जिवंत राहिला. त्यांच्या बलिदानाचें मोल तळघरांतील कागदांना देतां येणार नाहीं. परंतु योग्य वेळीं योग्य समुद्रावर अमेरिकन आरमार उभें होतें, तें त्या कागदांमुळें.

निमिट्झ यांनीं रोशफोर्ट यांच्या पदकाची शिफारस केली. वॉशिंग्टननें ती नाकारली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांना 'हायपो'वरून परत बोलावण्यांत आलें, आणि पुढें या गूढलिपितज्ज्ञाकडे एका तरत्या गोदीचें आधिपत्य आलें. १९७६ सालीं ते वारले. १९८६ सालीं राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं त्यांचें पदक त्यांच्या मुलांच्या हातीं दिलें.

या अन्यायांत व्यक्तिगत असूयेचा भाग होताच. पण त्याचें मूळ मला या कामाच्या स्वरूपांतच दिसतें. रणांगणावरील पराक्रमाला शेंकडों डोळे साक्षी असतात. गुप्त कचेरींतील कामाचे साक्षी म्हणजे मुख्यतः वरिष्ठच, आणि येथें तर वरिष्ठच चुकले होते. ज्या गुप्ततेनें मिडवे वाचलें, तीच चुकलेल्यांच्या पथ्यावर पडली. पुढें दप्तरें खुलीं झालीं व खरें काय तें बाहेर आलें. पण पदक घेण्यास रोशफोर्ट उरले नव्हते.