श्वान आणि मार्जार : वैर शाश्वत की नैमित्तिक?

आजची सुरुवात एका विटेपासून करू. सिंध प्रांतात चन्हुदारो नावाचं हडप्पा संस्कृतीतलं एक ठिकाण आहे. अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 साली तिथे उत्खनन केलं, त्यात ही वीट मिळाली. 4000 हून अधिक वर्षांपूर्वी ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर गेलं आणि एक कुत्राही गेला. पंजांचे ठसे खोल आणि पसरलेले आहेत, म्हणजे दोघंही धावत असणार. त्यावरून निष्कर्ष निघाला की कुत्रा मांजराच्या मागे लागला होता.

आता हे अनुमान जरा तपासू. धावणं मान्य. पाठलागही मान्य करू. पण आपण लगेच आणखी एक पायरी चढतो आणि म्हणतो, "बघा, तेव्हाही यांचं वैर होतंच!" ही पायरी मात्र ठशांत नाही. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण त्या दोघांची व्याप्ती आपल्याला ठाऊक असते. पाठलाग आणि वैर यांची तशी व्याप्ती नाही. कुत्रा चेंडूमागेही धावतो. चेंडूशी त्याचं काही वैर नसतं. जे पळतं, त्याच्यामागे तो पळतो, इतकंच.

वैराला शाश्वत म्हणण्याची आपली सवय मात्र जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं नववं सूत्र आहे. त्याचा आशय असा की, ज्यांचा विरोध कायमचा असतो, त्यांचा द्वंद्व समास एकवचनी होतो. परंपरेने दिलेली उदाहरणं ओळखीची आहेत : साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर. पतंजलीने महाभाष्यात याच नियमाचं उदाहरण म्हणून श्रमण आणि ब्राह्मण ही जोडी दिली. म्हणजे काय झालं बघा. जो वाद माणसांनी उभा केला आणि माणसंच मिटवू शकतात, तो साप-मुंगसाच्या रांगेत जाऊन बसला. भांडण एकदा शाश्वत ठरलं, की ते मिटवण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. खरी मेख इथे आहे.

बरं, मांजर-उंदराचं उदाहरण तरी टिकतं का? 1930 साली झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या 21 पिल्लांपैकी 18 पिल्लांनी उंदीर मारले. जन्मापासून उंदराच्या सोबतीनेच वाढवलेल्या 18 पिल्लांपैकी फक्त तिघांनी मारले. आता हे तिघेही आपण विसरायचे नाहीत. स्वभाव म्हणून काही असतंच. पण संगतीने केवढा फरक पडला! शिकारी आणि भक्ष्य यांच्यात जर हे होऊ शकतं, तर कुत्रा आणि मांजर यांना शाश्वत शत्रू ठरवायला आधार काय?

मग घरात गुरगुरणं आणि फिस्कारणं होतं, ते कशामुळे? माझ्या मते त्याचं उत्तर दोघांच्या इतिहासात आहे. कुत्रा लांडग्यापासून आला. लांडगा कळपात राहणारा, त्यामुळे त्याने माणसालाही कळपात धरलं. जर्मनीत बॉन-ओबरकासेल इथे 1914 साली सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. त्यात दोन माणसांबरोबर कुत्राही होता. मांजर फार नंतर आलं, शेतीच्या पाठोपाठ. धान्य साठलं, उंदीर आले, उंदरांमागून मांजर. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाला. त्या मांजराचे पूर्वज रानात एकेकटे शिकार करणारे, आपापली हद्द राखणारे. कुत्रा माणसाच्या टोळीत शिरला आणि मांजर माणसाच्या जागेत शिरलं, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून दोघांच्या भाषाही वेगळ्या झाल्या. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा तो बहुधा खुशीत असतो. मांजर शेपूट जोरात आपटतं तेव्हा ते वैतागलेलं असतं. कुत्रा पुढचे पाय वाकवून खेळायला बोलावतो, मांजराला ती चाल करून येण्याची तयारी वाटते. कुत्रा पाठीवर लोळला तर बहुतेक वेळा शरणागती. मांजर भांडणात पाठीवर पडलं तर चारही पंजे सज्ज. याला वैर कसं म्हणायचं? हा गैरसमज आहे, आणि गैरसमज दूर करता येतो. 2008 साली तेल अवीव विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हे दोन्ही प्राणी असलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका छताखाली राहणारे हे प्राणी एकमेकांच्या उलट अर्थाच्या खुणाही समजून घेऊ लागतात, असं त्यांना दिसलं. मांजर आधी घरात आलेलं असेल आणि दोघांची भेट लहान वयात झाली असेल, तर अधिक जमतं.

यात माणूस कुठे असतो? अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात इ.स.पू. 510 च्या सुमाराचं एक संगमरवरी शिल्प आहे. कुत्रा आणि मांजर समोरासमोर, दोघांच्या दोऱ्या तरुणांच्या हातात, आणि बाकीचे वाकून मजा बघताहेत. झुंज लावणारा कोण, हे त्या दोऱ्याच सांगतात. याउलट हिरोडोटसने इजिप्तबद्दल लिहिलं आहे की, घरातलं मांजर मेलं तर घरची माणसं भुवया काढत आणि कुत्रा मेला तर डोक्यासकट सगळं अंग भादरत. दोघांचंही सुतक धरणारी घरं होती ती.

दोरी आपल्याही हातात असते, तेव्हा थोडं व्यवहाराचं बोलू. नवा प्राणी आणला की पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे न्या, आधी वासाची ओळख होऊ द्या. मग कुत्र्याला पट्टा बांधून, लांबून, चार-पाच मिनिटांची भेट. शांत राहिला की खाऊ द्या, आणि ताण वाढायच्या आत भेट संपवा. मांजराला उचलून कुत्र्याच्या तोंडाशी नेऊ नका. त्याला माळा, कपाटाचा माथा, एखादी उंच फळी मोकळी ठेवा; पळायला वाट असलेलं मांजर सहसा धावत सुटत नाही, आणि मग पाठलागही होत नाही. दोघांची ताटलीही वेगळी आणि लांब ठेवा. मांजराची शौचाची जागा कुत्र्याच्या वाटेत नको. भरवसा बसेपर्यंत दोघांना एकटं सोडू नका.

हे सगळं करूनही प्रत्येक जोडी जमेलच असं नाही. कुत्रा अंग ताठ करून नजर हटवतच नसेल, किंवा त्याने आधी मांजर मारलेलं असेल, तर पशुवैद्याला विचारा आणि गरज पडल्यास कायमची वेगळी व्यवस्था करा. पण ते या दोन प्राण्यांबद्दल ठरवा, साऱ्या श्वानजातीबद्दल नको. आठ दिवसांत कंटाळून "यांचं जन्माचं वैर" म्हणायचं आणि मांजर पिशवीत घालून बाजारात सोडून यायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात निसर्गाचं नाव पुढे केलं जातं, निर्णय मात्र आपला असतो. निदान तो आपला आहे एवढं म्हणण्याचा प्रामाणिकपणा हवा.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.