एका हाताच्या दोन चाली

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी दोन सूचना एकाच दमात ऐकलेल्या असतात. ‘अक्षर नीट काढ’ ही पहिली आणि ‘हात चालव, पेपर पुरा झाला पाहिजे’ ही दुसरी. दोन्ही मागण्या एकाच हाताकडे, एकाच लिपीत आणि परीक्षेच्या त्याच तीन तासांत केल्या जातात. यात काही अवघड आहे असे घरच्यांना वाटत नाही आणि शाळेलाही वाटत नाही. जुन्या मराठी लिहिणाऱ्यांना मात्र ते वाटले असावे, कारण त्यांनी कित्येक शतके या दोन कामांसाठी दोन वेगळ्या लिप्या वापरल्या. पोथी उतरवायची ती बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. पत्र, हिशेब, सनद, जमाखर्च लिहायचा तो मोडीत. बाळबोधीत हात थांबत थांबत चालायचा, मोडीत तो धावायचा, आणि एकाच माणसाला दोन्ही चाली येत असत.

बाळबोध अक्षर कसे असावे याचा मराठीतला सर्वांत नेमका धडा दासबोधात सापडतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे आणि अध्यात्माच्या ग्रंथात तो एखाद्या कारखान्याच्या नियमावलीसारखा वाचता येतो. समर्थ रामदास सांगतात ते असे: अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. शाईचा काळेपणा आणि टाकाची जाडी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी राहावी, इतकी की सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. पान आधी शिशाने आखून घ्यावे, ओळींमधले अंतर कमीजास्त होऊ देऊ नये, वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या मात्रांना लागू नयेत. पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद कडांनी झडत गेला तरी अक्षर शाबूत राहील. आज आपण समास सोडतो तो शिक्षकाच्या शेऱ्यासाठी; रामदासांच्या डोळ्यांपुढे मात्र पुढची शे-दोनशे वर्षे आणि कागद खाणारी कसर होती.

त्यातली एक सूचना तर खास अनुभवी माणसाची आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण तेच अक्षर म्हातारपणी वाचता येत नाही; मध्यम आकार धरावा. शिवाय तयारीची भली मोठी यादी आहे: देशोदेशीचे बोरू, ते तासण्याची हत्यारे, कात्र्या, आखणीची साधने, कागद घोटण्याची तजवीज, निरनिराळ्या शाया. लिहायला बसण्याआधीचे काम लिहिण्याइतकेच मोठे होते. बोरू तिरका कापायचा, टोकाला मधोमध बारीक चीर द्यायची, चार अक्षरे काढून बघायचे आणि जाड उमटले तर पुन्हा तासायचे. शाई काजळ आणि डिंक खलून घरीच व्हायची. कागद जुन्नरचा किंवा दौलताबादचा. तो गुळगुळीत दगडाने घोटला नाही तर शाई फुटायची. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा तो धंदा अजून टिकून आहे.

या साऱ्या सूचनांत ‘लवकर लिही’ असे मात्र कुठेच म्हटलेले नाही.

लवकर लिहिण्याची गरज होती ती राज्यकारभाराला. मोडीचे जनकत्व परंपरेने देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याला दिले जाते. तेराव्या शतकातल्या या कर्तबगार माणसाच्या नावावर देवळांपासून बाजरीपर्यंत बरेच काही जमा आहे, तेव्हा हे श्रेय थोडे हात राखूनच घ्यावे. लिपी कोणीही घडवलेली असो, तिची रचना मात्र वेगाचा पुरता विचार करूनच झालेली आहे. देवनागरीत ‘क’ काढताना हात तीनदा उचलावा लागतो: काना, दोन्हीकडचे गोळे, मग डोक्यावरची रेघ. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढून घेई. मग त्या रेघेखाली अक्षरे एकात एक गुंफत जाई आणि बोरू उचलायचा तो शक्यतो शाई संपल्यावरच. अक्षराचा शेवट वळून वर जातो आणि तिथूनच पुढच्याची सुरुवात होते. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. ज्या वेलांटीवरून आज पोरांचे गुण कापले जातात, ती कचेरीतल्या कारकुनाने सरळ निकालात काढली होती.

उरलेला वेळ वाचवला तो ठरावीक मजकुराने. मायना ठरलेला, समाप्तीचा शिक्का ठरलेला. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’, पेशवाईत ‘लेखनसीमा’. मधल्या नेहमीच्या शब्दांची पहिली एकदोन अक्षरे लिहून पुढे दोन दंड दिले की काम भागे. ओली शाई टिपायला वर बारीक वाळू भुरभुरवत. आजही जुन्या दप्तरातला एखादा कागद उलगडताना ती वाळू बोटांना लागते.

वेगाच्या या कसबाला प्रतिष्ठाही होती. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक गोष्ट सांगतात. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहायला सांगितले, दिवस धावपळीत गेला आणि रात्री विचारणा झाली तेव्हा बाळाजींनी हातातला कागद धरून पत्र खडाखडा वाचून दाखवले. मशाल धरून उभ्या असलेल्या माणसाला हसू फुटले, कारण कागद कोरा होता. गोष्ट घडली की नाही हा भाग वेगळा. पण चिटणिसाकडून लोकांची काय अपेक्षा होती ते तिच्यातून कळते. मजकूर डोक्यात तयार पाहिजे, हाताने फक्त तो उतरवायचा. पुढे मोडीची घराणीच झाली. चिटणिशी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी अशी वळणे नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे धावत्या अक्षरालाही सौंदर्याची हौस सुटली नव्हती. पेशवेकाळातले काही मोडी कागद बाळबोध पोथीच्या तोडीचे देखणे आहेत. रेघेला टांगलेली गोल, सारख्या तिरकेपणाची अक्षरे पाहिली की ‘मोडी म्हणजे गिचमीड’ हा समज गळून पडतो. गिचमीड मोडी आहेच, पण ती बहुतेक नंतरची, तालुका कचेऱ्यांतली.

वेगाची किंमतही मोजावी लागे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हाची, हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारी ‘ध’ चा ‘मा’ची गोष्ट सर्वांना पाठ आहे. इतिहासकार तिला भक्कम पुरावा मानत नाहीत, पण एका अक्षराच्या फेरफाराने माणूस मरू शकतो ही कल्पना लोकांना पटली, यात मोडीच्या वाचकाची रोजची धास्ती दिसतेच.

ही दुहेरी तयारी पोरांकडून करून घेणारा माणूस म्हणजे गावचा पंतोजी. त्याची शाळा कुणाच्या ओसरीत नाही तर देवळात भरे आणि वेतन बरेचदा धान्याच्या रूपाने मिळे. सुरुवात धुळपाटीपासून. लाकडी फळीवर विटेची पूड किंवा तांबडी माती पसरायची आणि काडीने अक्षर काढायचे. पंतोजी काढून देई, मूल त्याच खाचेतून काडी फिरवत राही. चुकले की फळी हलवून पुन्हा सपाट. कागद महाग होता, धूळ फुकट होती, त्यामुळे एकच अक्षर शेकडो वेळा गिरवून घेणे परवडत असे. अक्षर वळायला लागते ती खरी भांडवली वस्तू म्हणजे उजळणी, आणि ती या शाळेत मुबलक होती. जोडीला पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी. मग बोरू हाती यायचा, कित्ता यायचा आणि पुढे मोडी. पत्राचे मायने पाठ करायचे, जुने कागद वाचून दाखवायचे. ज्याचा हात बसला तो कचेरीत उमेदवार म्हणून जाई. तिथे बिनपगारी बसून मोठ्या कारकुनांच्या लिखाणाची नक्कल करता करता तो एक दिवस कारकून होई. छडीचा भाग सोडला, तर लिहिणे हे शाळेत हाताचे कसब म्हणूनच शिकवले जात होते.

मग छापखाना आला. मिशनरी विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत, पण १८१० मधल्या त्याच्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे पाडले होते. मराठी माणूस रोज मोडी लिहितो, तर छापलेलेही तेच द्यावे, हा त्याचा हिशेब व्यवहाराला धरून होता. तो टिकला नाही. एकात एक अडकलेली अक्षरे सुट्या खिळ्यांत पकडणे कटकटीचे, आणि सुटी केली की मोडीचा जीवच जातो. मुंबईत शाळाखात्याची पुस्तके, मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, पुढे वर्तमानपत्रे, सारे बाळबोधीत निघत गेले.

शेजारी नेमके उलट घडले, आणि तेही मुंबईतच. गुजराती व्यापाऱ्यांची धावती, शिरोरेघ टाकून दिलेली लिपी १७९७ मध्ये ‘बॉम्बे कुरियर’मधल्या जाहिरातीत छापली गेली आणि हळूहळू तीच साऱ्या गुजरातीची लिपी झाली. पोथ्यांची देवनागरी तिथे मागे पडली. गुजरातीने भरभर लिहिण्याची लिपी छापायला घेतली. मराठीने सावकाश लिहिण्याची लिपी छापली आणि नंतर तीच भरभर लिहायला घेतली. मराठी विद्यार्थ्याच्या आजच्या तक्रारीचे मूळ शोधायचे तर ते इथे आहे.

अर्थात हे एका रात्रीत झाले नाही. इंग्रजी अमलातही महसुलाचे कागद मोडीत लिहिले जात होते आणि प्राथमिक शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शिकवत होते. पण तिचा मान उतरला होता. धुळपाटीची जागा दगडी पाटीने घेतली, बोरूची जागा पोलादी निबाच्या टाकाने. दौत सांडून सदऱ्यावर डाग पडणे हा शाळकरी आयुष्याचा भाग झाला. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेला ‘हॉर्स ब्रँड’ शाईचा घरगुती धंदा पुढे कॅम्लिन म्हणून घराघरांत गेला. पुस्ती आली, दुरेघी वही आली, रोजचे एक पान शुद्धलेखन आले. फाउंटन पेन आले तेव्हा मास्तरांनी टाकाची बाजू घेतली आणि बॉलपेन आले तेव्हा ‘याने अक्षर बिघडते’ म्हणून फाउंटन पेनची. साधन बदलले की अक्षर बुडाले, ही हाकाटी प्रत्येक पिढीने मारली आहे.

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराची खंत लिहून ठेवली आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तिथे शिकलेल्या तरुणांची मोत्यासारखी अक्षरे पाहून त्यांना लाज वाटली, पण तोवर हात वळायचे वय गेले होते. मुलांना आधी चित्र काढायला शिकवावे आणि मग अक्षर, असे त्यांचे मत झाले. वळणापुरते ते पटते. वेगाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न मुलांनी आपापल्या परीने सोडवला. कोणत्याही बारावीच्या वर्गातली वही उघडून पाहावी. शिरोरेघ पहिली गळते. किंवा ती शब्द पुरा झाल्यावर एका फटक्यात ओढली जाते. अनुस्वाराचे टिंब छोटी तिरकी रेघ होते. ‘आणि’चा णकार आणि इकार एकाच वळणात उरकला जातो. हात न उचलता अक्षरे जोडण्याची ही खटपट म्हणजे मोडीकडे परतणेच आहे, फक्त हे शिकवणारा कोणी नाही आणि मोडीच्या वळणांमागची शिस्तही नाही. म्हणून ज्याची त्याची मोडी वेगळी निघते आणि पेपर तपासणारा चष्मा कपाळावर चढवतो. अक्षर सुधारण्याच्या वर्गांत आजही आकार सारखा ठेवा, अंतर सारखे ठेवा, समास सोडा एवढेच सांगतात. म्हणजे दासबोधातलाच समास, साडेतीनशे वर्षांनंतर. वेगाचा वेगळा धडा त्यात नसतो; तो ‘सरावाने येईल’वर सोडलेला असतो.

खरी मोडी दप्तरखान्यांत उरली. पुण्याच्या पेशवे दप्तरातून इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी न वाचलेल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ढिगाने राहिले. तंजावरच्या सरस्वती महालातही भोसल्यांच्या काळचे मोडी कागद आहेत. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला जागा दिली, म्हणजे जी लिपी खिळ्यांत मावली नव्हती ती संगणकात बसली. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि इतर संस्थांच्या वर्गांना निवृत्त शिक्षक, वकील, महाविद्यालयीन मुले येऊन बसतात. तिथला भर वाचनावर आणि लिप्यंतरावर असतो, कारण काम त्याचेच आहे. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी आता वेग मोजतात तो कळफलकावर, मराठीत मिनिटाला ३० शब्द.