गोखल्यांचे गणित आणि मिठाचा कर

आपल्या अक्कलकुवा भागात बाजाराचे महत्त्व सांगावयास नको. सातपुड्यातील माणसाच्या शेतात ज्वारी-मका पिके, रानातून मोहाची फुले नि चारोळी मिळे. मिठासाठी मात्र त्याला डोंगर उतरावाच लागे. इंग्रजी अमदानीत या मिठावर कर होता. तो मिठाच्या उत्पादनावरच बसे आणि किमतीत मुरून गिऱ्हाइकापर्यंत येई. ज्याने सरकारी कचेरीचा उंबरठा कधी ओलांडला नाही, तोही अशा रीतीने सरकारचा करदाता ठरे. या न दिसणाऱ्या कराचा हिशेब ज्यांनी सरकारपुढे मांडला, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. हे सामर्थ्य त्यांना गणित व अर्थशास्त्र यांच्या एकत्र अभ्यासातून लाभले, असे आम्हांस वाटते.

गोखले १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी गणित शिकविले आणि सहकारी बापट यांच्यासमवेत अंकगणिताचे पुस्तक रचिले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले, तसेच पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. याच काळात न्यायमूर्ती रानडे यांच्यापाशी बसून सरकारी अहवाल वाचण्याची त्यांची तालीम चालली होती. म्हणजे आकडा कसा तपासावा हे गणिताने शिकविले, आणि कोणता आकडा कोणाच्या पोटाशी निगडित आहे हे रानड्यांनी.

विलायतेतही असेच घडत होते. केंब्रिजचे आल्फ्रेड मार्शल १८६५ साली गणिताच्या परीक्षेत दुसरे आले व पुढे अर्थशास्त्राकडे वळले. गणिताने विचार करावा, पण तो साध्या भाषेत उतरवून उदाहरणांनी पटवावा, असा त्यांचा आग्रह असे. १९०३ साली त्यांच्या प्रयत्नाने तेथे अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले. सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक होती व तिचे कौतुक चालले होते. गोखल्यांनी तिचे मूळ शोधले. रुपयाचा भाव पूर्वी सुमारे १३ पेन्सांपर्यंत उतरला होता, तो आता १६ पेन्स झाला होता. पौंडाचे पेन्स २४०. तेव्हा जो पौंड विलायतेस पाठविण्यास पूर्वी सुमारे साडेअठरा रुपये लागत, तो आता १५ रुपयांत जाऊ लागला. अशा रीतीने दरसाल कोट्यवधी रुपये वाचले. कर मात्र टंचाईच्या काळात वाढविलेलेच राहिले. शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हे, तिच्यावरील जादा भाराची खूण आहे, हा निष्कर्ष शाळकरी मुलालाही कळावा इतक्या सोप्या त्रैराशिकाने निघाला.

मिठाचा कर १८८८ साली मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केलेला होता. तो कमी करा, ही मागणी गोखल्यांनी लावून धरली. १९०३ साली तो दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला. हे केवळ एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्यांच्या आकड्यांना बगल देणे सरकारला सोपे राहिले नव्हते, एवढे खचित.

पुढे १९३० साली पुण्यास त्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था निघाली. तेथीलच वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्य माणसाच्या रोजच्या अन्नाच्या उष्मांकांवरून मोजून दाखविले. परंपरा तीच!

आज आपल्या तालुक्यातून मुले-मुली कॉलेजात जातात. गणित म्हणजे विज्ञान शाखा आणि अर्थशास्त्र म्हणजे कला शाखा, अशी वाटणी आपण घरीच करून टाकतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधील ही भिंत मोडावी असे म्हटले आहे. मनातील भिंत आपणांसच पाडावी लागेल. नुसते गणित आकडा बरोबर सांगेल, पण तो कोणाच्या पदरी पडला हे सांगणार नाही. नुसती कळकळ दुःख सांगेल, पण ते सिद्ध करू शकणार नाही. धान्याचा भाव, धरणाची भरपाई, गावाच्या वाट्याचा निधी, हे हिशेब अजून मांडावयाचे आहेत. ते आपल्याच घरच्या कोणी मांडले, तर अधिक बरे.