बेथेल ते उत्तर भारतीय चर्च: जालन्यातील उपवासकाळाची वाटचाल

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंतच्या, मधले रविवार वगळून मोजल्या जाणाऱ्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाला ‘लेंट’ किंवा उपवासकाळ म्हणतात. अँग्लिकन परंपरेत हा काळ पॅरिशच्या, म्हणजे एका पाळकाच्या देखरेखीखालील परिसराच्या, सामूहिक जीवनाशी जोडलेला असतो. परंतु जालना परिसरातील प्रॉटेस्टंट जीवनाचा पाया मुख्यतः स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनने घातला. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आणि १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळालेले नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसवले, आणि शेती, शिक्षण व उपासना यांची सांगड घातली. स्कॉटिश धर्मसुधारणेने सणांचे वार्षिक चक्र नाकारले असल्यामुळे या परंपरेत लेंटऐवजी रविवारच्या उपासनेला व प्रवचनाला प्राधान्य होते. शेजारच्या औरंगाबादेत मात्र, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रत्नजी नवरोजी या पारशी कुळातील अँग्लिकन पाळकांच्या कार्यामुळे उपवासकाळाला स्थान देणाऱ्या अँग्लिकन प्रार्थनाग्रंथावर आधारलेली उपासना रुजली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व अन्य मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त, म्हणजे उत्तर भारतीय चर्चमध्ये, विलीन झाल्या, तेव्हा या दोन भिन्न वारशांना एकच छत्र लाभले. या एकत्रित चर्चमध्ये उपवासकाळ हा केवळ अन्नत्यागाचा नव्हे, तर आत्मपरीक्षणाचा, दानाचा आणि दुरावलेल्या शेजाऱ्याशी समेटाचा काळ आहे. ग्रामीण मंडळीच्या दृष्टीने त्याचे खरे मोल हे सारे एकत्र मिळून करण्यात आहे.