घरासाठी, दुकानासाठी जनरेटर घेताय? परवाना, धूर, आवाज आणि डिझेलचे नियम समजून घ्या

पावसाळ्यात झाड पडलं की फीडर बंद, उन्हाळ्यात लोड वाढला की डीपी उडते. दवाखान्यातल्या लसींचा फ्रीज, डेअरीचा डीप फ्रीजर, सोसायटीची लिफ्ट यांना तास-दोन तासही थांबून चालत नाही. म्हणून जनरेटर घेतला जातो. पण विकत घेतला, कोपऱ्यात ठेवला आणि सुरू केला, इतकं ते सोपं नाही.

परवाना लागतो का?

विद्युत कायदा, २००३ नुसार स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करायला परवाना लागत नाही. मात्र शेजारच्या दुकानांना वायर ओढून पैसे घेऊन वीज देणं हा वितरणाचा व्यवहार होतो आणि त्याला सर्वसाधारणपणे परवाना लागतो.

परवाना नाही म्हणजे तपासणी नाही, असंही नाही. ठरावीक क्षमतेच्या वरचा जनरेटर सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते. जोडणीचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं.

धुराचा नियम काय?

केंद्र सरकारने ३ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरसाठी नवी उत्सर्जन मानकं जाहीर केली. ती १ जुलै २०२३ पासून लागू झाली. बाजारात त्यांना 'सीपीसीबी फोर प्लस' म्हणतात. डिझेलसोबत पेट्रोल, गॅस आणि ड्युअल फ्युएल संचही त्यात येतात.

फरक मोठा आहे. १९ ते ५६ किलोवॅट गटात सूक्ष्म कणांची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ०.३ ग्रॅमवरून ०.०३ ग्रॅमवर, म्हणजे थेट एक दशांशावर आली. त्यासाठी इंजिनात जास्त यंत्रणा लागते, त्यामुळे नवे संच महाग झाले. पुण्याची 'एआरएआय' ही अशा इंजिनांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. खरेदी करताना संचावरचं प्रमाणपत्राचं लेबल नक्की बघा.

दिल्ली-एनसीआरमध्ये तर १ ऑक्टोबर २०२३ पासून डिझेल जनरेटरवर याहून कडक बंधनं आहेत.

धुराड्याची उंचीही ठरलेली आहे. संचाच्या केव्हीए क्षमतेचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ०.२ ने गुणायचं. जेवढे मीटर येतील तेवढं धुराडं इमारतीच्या उंचीपेक्षा वर न्यायचं. २५ केव्हीएला १ मीटर, १०० केव्हीएला २ मीटर. धुराचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे सोडणं या नियमात बसत नाही.

'सायलेंट' जनरेटर म्हणजे आवाजाची काळजी मिटली?

नाही, आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. ही अट यंत्राची झाली.

निवासी भागाची मर्यादा वेगळी आहे. तिथे दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने ७५ डेसिबलचा आवाज ४५ वर यायला तीसेक मीटर अंतर हवं. चाळीत किंवा सोसायटीत एवढी जागा कुठून आणणार? म्हणजे कायदेशीर यंत्रसुद्धा चुकीच्या जागी ठेवलं तर नियम मोडू शकतं. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला, तर शेजारी तक्रार करू शकतो.

डिझेल किती साठवता येतं?

पेट्रोलियम कायद्यानुसार एका ठिकाणी एकूण २५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं. मात्र एका टाकीत १००० लिटरपेक्षा जास्त नको. पेट्रोल विक्रीसाठी नसेल, तरी मर्यादा फक्त ३० लिटर.

जिवावर बेतणाऱ्या दोन चुका

पहिली म्हणजे चेंजओव्हर स्विचशिवाय जोडणी. जनरेटरची वायर थेट घराच्या सॉकेटमध्ये घातली, तर वीज उलटी जाऊन मुख्य लाइनमध्ये शिरू शकते. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेला लाइनमन ती लाइन बंद आहे असंच समजून काम करत असतो.

दुसरी, बंद जागेत जनरेटर चालवणं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. शटर अर्धं उघडं ठेवलं म्हणून धोका टळत नाही. जनरेटर बाहेर, मोकळ्यावर आणि खिडक्यांपासून लांबच हवा.

त्यापेक्षा सोलर बरं का?

'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅट किंवा मोठ्या घरगुती सोलर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण एक गोष्ट अनेकांना बसवल्यावर कळते. फक्त ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेल्यावर स्वतःही बंद पडतं, कारण तेच लाइनमनच्या सुरक्षेचं. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

म्हणून आधी लाइट गेल्यावर नेमकं काय चालू ठेवायचं आहे याची यादी करा. दिवे, पंखे, वायफाय आणि बिलिंग मशीन एवढंच असेल, तर साधा इन्व्हर्टर पुरतो. लिफ्ट, पंप किंवा कोल्ड स्टोरेज असेल तर जनरेटरचा विचार करा, आणि पैसे भरण्याआधी तो ठेवायची जागा ठरवा.