एक लहर, अनेक लिप्या

मोडी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कुणी शिक्षक नसताना शिकलो. भाषा आपलीच असली तरी लिपी लागत नसेल, तर आजोबांचे खरेदीखतही परके होते, हे तेव्हा कळले. म्हणूनच हौशी रेडिओवाल्या मित्रांच्या बैठकीत घडलेला एक प्रसंग मनात राहिला. दोघे परवानाधारक. एकाचा डिजिटल संच डी-स्टार पद्धतीचा, दुसऱ्याचा डीएमआर. वारंवारिता एकच लावली. एक बोलत होता आणि दुसऱ्याचा संच मुका. माझ्या जुन्या अ‍ॅनालॉग संचातून मात्र नुसती घरघर. लहर सगळ्यांपर्यंत पोचत होती. शब्द कुणालाच लागत नव्हता.

या लिप्या वेगळ्या का झाल्या, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा दिसले, की प्रत्येकीमागे एक वेगळी गरज आहे. युरोपात एत्सी या मानकसंस्थेने 1995 च्या सुमारास 'टेट्रा' आणले. पोलीस, मेट्रो अशा मोठ्या व्यवस्थांसाठी 25 किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये काळाचे चार वाटे आणि म्हणून चार संभाषणे. त्याच संस्थेने 2005 मध्ये 'डीएमआर' प्रसिद्ध केले. त्यात 12.5 किलोहर्ट्झमध्ये 30 मिलिसेकंदांच्या दोन आळीपाळीच्या पाळ्या असतात. संच निम्मा वेळच प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरी टिकते. कारखाने, हॉटेले यांना हे सोयीचे. जपानी कंपन्यांच्या 'एनएक्सडीएन'ने काळ न वाटता जागाच वाटली आणि चॅनेल 6.25 किलोहर्ट्झपर्यंत अरुंद केले. डी-स्टार जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने हौशींसाठीच घडवले. अमेरिकेत 1989 मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट 25'चा हेतू सरळ होता: वेगवेगळ्या कंपन्यांचे संच वापरणाऱ्या पोलीस आणि अग्निशमन दलांना एकमेकांशी बोलता यावे.

भेद एवढ्यावर थांबत नाही. डिजिटल संच आवाज पाठवत नाही, आवाजाचे वर्णन पाठवतो. प्रोजेक्ट 25 च्या पहिल्या टप्प्यात या वर्णनाला सेकंदाला 4400 बिट मिळतात आणि चुका दुरुस्त करण्यासाठी आणखी 2800. डी-स्टारमध्ये हेच आकडे 2400 आणि 1200 आहेत. वर्णन करणारे यंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेले असते. शेजारी करवत किंवा भोंगा वाजला की ते गोंधळते. अमेरिकी सरकारच्या दूरसंचार प्रयोगशाळेने 2008 मध्ये आगीच्या ठिकाणच्या गोंगाटात चाचण्या घेतल्या, तेव्हा काही प्रकारच्या गोंगाटात जुन्या अ‍ॅनालॉगवरचेच शब्द जास्त ओळखता आले. शिवाय अ‍ॅनालॉग खरखरत क्षीण होतो, ऐकणाऱ्याला अंदाज येतो. डिजिटल बराच काळ स्वच्छ राहतो आणि मग एकदम गप्प होतो.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने मार्च 2001 मध्ये नवे डिजिटल संच वाटले होते. मदतीची एक हाक सगळ्यांना ऐकू गेली नाही, म्हणून ते काही दिवसांतच परत घेतले. 11 सप्टेंबरला जवान जुनेच अ‍ॅनालॉग संच घेऊन मनोऱ्यांत शिरले. दक्षिण मनोरा पडल्यावर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इशारा गेला, की उत्तर मनोराही फार तग धरणार नाही. तो इशारा पोलिसांच्या वारंवारितेवर होता. अग्निशामकांचे संच तिथे नव्हतेच. त्या दिवशी 343 अग्निशामक गेले. एखाद्या मानकावर हा दोष ठेवता येत नाही, कारण दोन्ही खात्यांनी एकमेकांचे ऐकण्याची सोयच केली नव्हती. मात्र अशी सोय करायला निघाले, की मानकांचा भेद आडवा येतो, आणि तो आणीबाणीत सोडवता येत नाही.

म्हणून 'यातले उत्तम कोणते?' हा प्रश्न मी आता विचारत नाही. कोणाला, कुठून, कोणाशी बोलायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

त्या बैठकीत शेवटी दोन्ही मित्रांनी आपले संच जुन्या एफएमवर घेतले. आवाज थोडा खरखरीत होता, पण तिघेही बोललो. बाळबोध अक्षर लागावे तसे.